केसाएवढी फट

"पॉइंट एक मिलिमीटर," सूटवाला म्हणाला आणि बोटांची चिमूट मिटून दाखवत हसला. "आमच्या सॉफ्टवेअरवर गाइड केलंत, तर चूक याहून जास्त होऊच शकत नाही, सर."

काकांनी हातातली कानस खाली ठेवली नाही. चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"कुठे?"

"म्हणजे?"

"पॉइंट एक कुठे? तुमच्या पडद्यावर, की माणसाच्या तोंडात?"

"सगळीकडेच की."

"अस्सं. तोंडात लाळ असते, मध्ये मध्ये करणारी जीभ असते, घाबरलेला माणूस जबडा आवळतो, आणि डॉक्टर रात्री नीट झोपलेला नसतो. हे सगळं धरून पॉइंट एक?"

सूटवाल्याने गुळगुळीत माहितीपत्रक पुढे सरकवलं. काकांनी ते उलटं करून त्यावर चहाचा कप ठेवला. ज्या माणसाला स्वतःच्या टायची गाठ गळ्याच्या मधोमध आणता येत नाही, तो आपल्याला अचूकपणा शिकवायला आलाय, असं ते म्हणाले आणि चांगलं मोठ्याने म्हणाले. लॅबच्या मालकीणबाईंनी सूटवाल्याला गोड बोलत दारापर्यंत नेलं. जाताना त्याने टायला हात लावून पाहिला, तेव्हा काकांना दिवस सत्कारणी लागल्यासारखं वाटलं.

दातांच्या डॉक्टरांना दात बनवून देणारी ती लॅब. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि खिडकीशी काकांचं टेबल. त्या टेबलाशी त्यांची एकतीस वर्षं गेली होती. तोंडावर सगळे त्यांना काका म्हणत आणि पाठ वळली की 'कानस'. दोन्ही त्यांना माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडत होतं.

कवळ्या आणि कॅपा तर ते झोपेतही करतील. पण डॉक्टरमंडळी त्यांना वचकून असत ती गाइडमुळे. पडलेल्या दाताच्या जागी हाडात स्क्रू बसवायचा, तर भोक कुठे आणि किती तिरपं पाडायचं हे नुसत्या अंदाजावर सोडता येत नाही. म्हणून शेजारच्या दातांवर घट्ट बसेल अशी प्लॅस्टिकची पट्टी करतात. तिच्यात धातूची कडी असते आणि ड्रिल त्या कडीतूनच खाली उतरतं. त्या पट्टीला म्हणायचं गाइड. गाइड नीट बसलं तर ड्रिल नीट जातं. ते वरती जरा कललं, की खाली हाडाच्या पोटात ती चूक वाढत जाते. आणि खालच्या जबड्यात तिथेच एक नस असते. ती दुखावली, तर ओठ आणि हनुवटी बधिर होतात, कधीकधी कायमची.

हे सगळं डॉक्टरांनाही माहीत असतं, पण ते विसरतात, असं काकांचं म्हणणं. एकाने पाठवलेलं माप, म्हणजे दातांचा ठसा, त्यांनी "हे दातांचं आहे की पावाचं?" अशी चिठ्ठी जोडून परत धाडलं होतं. दुसऱ्याला फोनवर, "तुम्ही केस कापायचं दुकान का काढत नाही? केस निदान परत उगवतात," असं सुनावलं होतं. मालकीणबाई मग त्या डॉक्टरांची समजूत काढत बसत. त्या काकांना सांभाळून घेत, कारण काकांचं गाइड कधी परत येत नसे. भिंतीवर काकांनी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला होता: 'तीन महिन्यांवरचं मॉडेल फोडून टाकावं. नवीन माप आल्याशिवाय गाइड करू नये.' दात काढला, की शेजारचा दात रिकाम्या जागेकडे हळूहळू कलायला लागतो. तीन महिन्यांपूर्वीचं प्लास्टरचं मॉडेल म्हणजे तीन महिन्यांपूर्वीचं तोंड, आणि त्या तोंडाचा माणूस आता अस्तित्वात नसतो. हा नियम मोडला म्हणून काकांनी लॅबमधल्या एका बाईंना सगळ्यांसमक्ष असं फाडून खाल्लं होतं, की त्या आठवडाभर कामाला आल्या नव्हत्या.

आणि मग फुंक्याचं काम आलं.

फुंक्या म्हणजे काकांचा धाकटा भाऊ. हे नावही काकांनीच ठेवलेलं. सतराव्या वर्षी शिक्षणाला रामराम ठोकून तो एका बँडात ट्रंपेट वाजवायला गेला, आणि आता बावन्नाव्या वर्षीही तेच करत होता. लाल कोट, सोनेरी बटणं, गाल फुगवून फुंकणं. लोकांच्या आनंदात भाड्याने सामील होणारा माणूस, असं काका त्याच्याबद्दल चारचौघांत सांगत. पस्तीस वर्षांत त्यांनी त्याचा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला नव्हता. एकदा ऐकायला गेले होते, तर कोट घामाने भिजलेला पाहून मधूनच उठून आले. फुंक्याला मात्र कशाचंच काही वाटत नसे. तो प्रत्येक ओळखीच्या माणसाला सांगत सुटे, "माझा दादा दात बनवतो. असा कारागीर तुम्हाला शोधून सापडणार नाही."

त्याची खालची डावी दाढ किडून गेली आणि काढावी लागली. क्लिनिकच्या डॉक्टरबाईंनी स्कॅन काढलं, माप घेतलं, काकांनी मॉडेल ओतून कॉम्प्युटरवर गाइडचं डिझाइनही केलं. एवढ्यात बँडाला लांबचा दौरा मिळाला आणि फुंक्या दात अर्धवट सोडून निघून गेला. आला तो पाचव्या महिन्यात. डॉक्टरबाईंनी पुन्हा माप घेतलं आणि डबीत घालून पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'नवीन माप. जुनं कृपया वापरू नये. हाड कमी आहे, नस जवळ आहे.'

काकांनी चिठ्ठी वाचली आणि नाक मुरडलं. काल शिकून आलेल्या पोरीने मला माझेच नियम शिकवावेत! त्यात काम कुणाचं, तर फुंक्याचं. त्याच्यासाठी पुन्हा प्लास्टर कालवा, पुन्हा स्कॅन करा, पुन्हा सगळं डिझाइन उभं करा? साहेब दौऱ्यावर फुंकत फिरणार, आणि आम्ही इथे दुसऱ्यांदा राबणार? त्यांनी डबी खणात टाकली. जुनं मॉडेल फडताळात तसंच होतं. तयार डिझाइनवरून त्यांनी थ्री-डी प्रिंटरवर दोन गाइड छापली, एक क्लिनिकसाठी आणि एक नेहमीप्रमाणे स्वतःजवळ ठेवायला. मॉडेलवर दोन्ही टिचकी वाजवल्यासारखा आवाज करून बसली. परक्या माणसासाठी काकांनी हे कधीच केलं नसतं. परक्या माणसाला ते इतकं तुच्छ लेखत नसत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फुंक्या स्वतःच गाइड न्यायला आला. खुर्चीवर बसून त्याने खोलीभर कौतुकाने नजर फिरवली.

"दादा, घालून बघू का?"

"ते काय चष्मा आहे घालून बघायला?"

पण त्याने घातलंच. जिभेने चाचपलं, दातांनी हळूच दाबलं, आणि त्याचा चेहरा जरा ओशाळा झाला.

"हलतंय रे जरा. मागच्या बाजूला."

"तुझं डोकं हलतंय."

"नाही, खरंच. इथे बघ. आम्हाला तोंडातलं लगेच कळतं. ट्रंपेटचं ओठांवरचं टोक सुतभर सरकलं, तरी—"

"पुरे." काकांनी त्याच्या तोंडातून गाइड जवळजवळ ओढूनच काढलं. "एकतीस वर्षं मी हे करतोय. तू आयुष्यभर हवा भरलीस. आता मला माप शिकवणार? जा, उद्या डॉक्टरबाईंसमोर तोंड उघड आणि गप्प पडून राहा. तेवढं जमेल ना?"

फुंक्या हसला. त्याला हसण्यावारी नेण्याची सवयच होती. "जमेल की," म्हणाला, "तू केलंयस म्हटल्यावर मला कसली काळजी?" आणि डबी कोटाच्या खिशात जपून ठेवून तो जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला क्लिनिकमधून फोन आला. डॉक्टरबाई स्वतः बोलत होत्या.

"काका, एक विचारायचं होतं. गाइड बसवलंय. खिडकीतून बघतेय, तर मागच्या दाताशी फट दिसतेय."

गाइड पुरतं बसलं की नाही हे दिसावं म्हणून काका प्रत्येक गाइडमध्ये दातांच्या टोकांवर बारीक खिडक्या ठेवत. ही त्यांचीच पद्धत होती, आणि ती न पाळणाऱ्या लॅबवाल्यांना ते आंधळे म्हणत.

"केवढी फट?"

"अगदी केसाएवढी. पण आहे."

"दाबा. बसेल."

"दाबलं की बसतं, सोडलं की उचलतं. काका, नवीन मापावरच केलंय ना?"

आता नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. आठ दिवस काम पुढे गेलं असतं, फुंक्या स्क्रू न बसवताच घरी गेला असता, आणि काकांना एकदा, आयुष्यात एकदाच, एका पोरसवदा डॉक्टरपुढे मान खाली घालावी लागली असती. मागे दोन टेबलांवर माणसं कान देऊन काम करत होती. त्यात त्या आठवडाभर न आलेल्या बाईही होत्या.

"हो," काका म्हणाले. "माझं गाइड हलत नसतं, बाई. बसवणाऱ्याचा हात हलतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय तर."

फोन ठेवल्यावर काकांनी कानस उचलली आणि खाली ठेवली. मग खण उघडून डबी काढली. आपण बरोबर आहोत हे आता सिद्धच करून टाकू, असं त्यांच्या मनाने घेतलं. त्यांनी प्लास्टर मोजून घेतलं, पाणी मोजून घेतलं, कालवलं, बुडबुडे जाईपर्यंत वाटी थापटली आणि नव्या मापात हलक्या हाताने ओतलं. इतक्या निगुतीने त्यांनी वर्षभरात काही ओतलं नव्हतं. प्लास्टर घट्ट व्हायला चाळीस मिनिटं लागतात. फोन टेबलावर हाताशी होता. त्या चाळीस मिनिटांत तो उचलून 'थांबा' एवढं म्हणता आलं असतं, आणि तेवढंच काका करत नव्हते. ते प्लास्टरकडे बघत बसले होते. आतून त्यांना सगळं समजलं होतं. पण समजलेलं मान्य करायला त्यांना आधी पुरावा हवा होता, कारण ते अचूक माणूस होते ना!

साडेबाराला त्यांनी मॉडेल सोडवलं, स्वतःजवळचं गाइड त्यावर ठेवलं आणि बोटाने दाबलं. मागची कड बसली, तशी पुढची उचलली. पुढची दाबली, तशी मागची उचलली. पट्टी लंगड्या स्टुलासारखी डुगडुगत होती. शेजारचा दात चांगला मिलिमीटरभर कलला होता.

त्यांनी क्लिनिकला फोन लावला. स्वागतकक्षातल्या मुलीने उचलला.

"झालं काका. आता टाके घालतायत. एकदम व्यवस्थित झालं म्हणे."

संध्याकाळी भूल उतरायला हवी होती. ती ओठाच्या डाव्या अर्ध्या भागावरून आणि हनुवटीवरून उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन काढल्यावर स्क्रू नसेला टेकलेला दिसला. डॉक्टरबाईंनी तो त्याच दिवशी काढून टाकला. तीन महिने वाट बघायची, असं ठरलं. नस कधी पुन्हा जागी होते, कधी होत नाही.

या तीन महिन्यांत काकांनी जे केलं, ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. जुनं मॉडेल त्यांनी फोडून कचऱ्यात टाकलं. कुणी विषय काढला की "नव्या डॉक्टरांच्या हाताला वळण नसतं" एवढंच म्हणत. मालकीणबाई एकदा म्हणाल्या, "काका, डॉक्टरबाई स्वतःलाच दोष देतायत हो. नस सुधारली नाही तर सगळं लेखी द्यावं लागेल म्हणे, आपल्यालाही." त्यांना जगातल्या प्रत्येक चुकणाऱ्या माणसाची किळस येत आली होती. आता दाढी करताना आरशात दिसणाऱ्या माणसाचीही येऊ लागली. पण किळस येऊन उपयोग काय? तोंड उघडवत नव्हतं.

फुंक्याने मात्र एका शब्दाने बोल लावला नाही. ट्रंपेट ओठावर टेकवला की डावीकडून हवा निसटायची, सूर फाटायचा. बँडवाल्यांनी त्याला झांजा दिल्या. "बरंय," काकांच्या घरी येऊन तो वहिनीला सांगत होता, "छातीला आराम. वय झालं आता." वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. काका बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं एकच पान तासभर धरून बसले होते.

तीन महिन्यांनी तपासणीला फुंक्या काकांनाही बरोबर घेऊन गेला. "तू असलास की धीर येतो," म्हणाला. काकांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

डॉक्टरबाईंच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांनी फुंक्याला खुर्चीत बसवलं.

"डोळे मिटा. मी या बारीक टोकाने स्पर्श करीन. कळलं की 'टोचतंय' म्हणा. अंदाजाने सांगू नका हं."

"छे, अंदाजाने कशाला?"

त्यांनी आधी उजव्या बाजूला टोचून पाहिलं.

"टोचतंय."

मग डाव्या.

"टोचतंय."

पुन्हा डावीकडे, थोडं खाली.

"टोचतंय."

डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. "अरे वा," त्या म्हणाल्या आणि हनुवटीकडे वळल्या. "टोचतंय." आणखी जरा बाजूला. "टोचतंय." काकांच्या छातीवरचं ओझं उतरू लागलं. सुटलो, असंच त्यांच्या मनात आलं. भाऊ बरा झाला हे त्याच्यानंतर आलं.

मग त्यांची नजर फुंक्याच्या मांडीवर गेली. तिथे त्याची तर्जनी हलत होती. अगदी हळू, सारख्या अंतराने, एक, दोन, तीन. आणि चारला तो म्हणायचा, "टोचतंय." डॉक्टरबाईंचा हात सरावाचा होता, सारख्या चालीने पडत होता. बँडात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ती चाल धरायला दोनतीन स्पर्श पुरले होते.

एवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. डॉक्टरबाईंनी हात मागे घेतला आणि तो बंद करायला वळल्या. फुंक्याचं बोट चाललंच होतं. एक, दोन, तीन.

"टोचतंय," मिटल्या डोळ्यांनी तो आनंदाने म्हणाला.

डॉक्टरबाई वळल्या त्या तशाच उभ्या राहिल्या.

"गाइड जुन्या मॉडेलवर केलं होतं," काका म्हणाले.

फुंक्याने डोळे उघडले. "दादा, गप्प बस ना."

"तुमचं नवीन माप मी खणात टाकलं होतं. ओतलंच नाही."

"मी तुम्हाला फोनवर विचारलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"हो. मी खोटं बोललो. तसं लिहा. तुमचा हात चुकला नाही."

"अहो बाई, त्याचं ऐकू नका," फुंक्या खुर्चीतून अर्धा उठला. "मला कळतंय की! थोडं थोडं कळतंय. चांगलं मिटत होतं सगळं, कशाला बोललास तू? लॅबवाले काय म्हणतील? या वयात कुठे जाशील?" शेजारचा पाण्याचा ग्लास उचलून त्याने दोन घोट घेतले आणि पुन्हा सुरू झाला, "आणि त्याचं काम एक नंबर असतं हो. तुम्ही कुणालाही विचारा. एखाद्या वेळी होतं."

पाणी त्याच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळत हनुवटीवर आलं होतं आणि तिथून शर्टावर ठिबकत होतं. तो बोलतच होता. काकांनी खिशातला रुमाल काढला, पुढे झाले आणि त्याची हनुवटी पुसली. मग ओठाचा कोपराही पुसला.

फुंक्या बोलायचा थांबला. त्याने भावाच्या हाताकडे पाहिलं.

"काय लागलं होतं?"

"काही नाही," काका म्हणाले, आणि त्याच्या शर्टाची कॉलर टिपू लागले.